न नोंदवावयाच्या गोष्टींची नोंद

कामगार संघाच्या कचेरीत इतिवृत्ताची वही लिहिण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. त्या वहीत काय लिहावयाचे हे नव्या चिटणिसाला लवकर समजते. काय लिहावयाचे नाही हे समजावयास मात्र वेळ लागतो. ठराव कोणता झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, मते किती पडली, हे वहीत आलेच पाहिजे. परंतु कच्च्या मसुद्यांचे चिटोरे, ज्याच्या त्याच्या खिशातील टिपणे आणि तिजोरीची किल्ली या वस्तू वहीत चिकटवून ठेवावयाच्या नसतात. चिटोऱ्यांनी वही फुगते व ठराव सापडेनासा होतो. किल्ली चिकटविली तर वही उघडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तिजोरी जाते. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. त्यांनी त्यावर काढलेली तोड तुमच्या-माझ्यासारख्यांना समजण्याजोगी आहे. आणि ती नीट न पाळल्याने होणारे नुकसान अखेर तुमच्या-माझ्यासारख्यांनाच सोसावे लागते. म्हणून हा विषय मी येथे घेतला आहे.

प्रथम ही वही कसली ते पाहू. एकच प्रोग्राम पाच-पन्नास माणसे मिळून लिहितात. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद राहावी, चूक झाल्यास मागील स्थितीस परत जाता यावे, एकाच्या कामाने दुसऱ्याचे काम पुसले जाऊ नये, यासाठी आवृत्ती-नियंत्रणाची साधने निघाली. त्यांतील आज सर्वांत प्रचलित साधन म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये तयार केले. तोवर लिनक्सचे काम बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या साधनावर चाले. ते विनामूल्य वापरण्याची सवलत कंपनीने काढून घेतली, तेव्हा स्वतःचे साधन घडविणे भाग पडले. गिटमधील प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात आणि साऱ्या नोंदींच्या दप्तराला ‘रिपॉझिटरी’. हे दप्तर एका कपाटात बंद नसते. कामात सामील असलेल्या प्रत्येकाच्या संगणकावर साधारणतः पहिल्या दिवसापासूनची सगळी नोंद जशीच्या तशी उतरलेली असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी अडचण तिच्यातूनच निघते.

गिटच्या दृष्टीने फोल्डरातील फाइली तीन प्रकारच्या असतात. काही नोंदीत आलेल्या, काही अद्याप न आलेल्या, आणि काही मुद्दाम वगळलेल्या. न आलेल्या फाइलींची आठवण गिट पुन्हा पुन्हा करून देते. शिवाय ‘फोल्डरात आहे ते सारे नोंदव’ अशी एक सोपी आज्ञा आहे, आणि घाईच्या वेळी माणूस तीच देतो. तेव्हा नको त्या फाइली आत शिरू नयेत यासाठी एक यादी करून ठेवावयाची असते. तिचे नाव ‘.गिटइग्नोर’. आपण तिला वगळ-यादी म्हणू.

या यादीत घालण्याजोग्या वस्तूंचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग यंत्राने पुन्हा बनविता येणाऱ्या वस्तूंचा. मूळ मजकुरापासून तयार झालेला चालू प्रोग्राम, बाहेरून उतरवून घेतलेली साहाय्यक ग्रंथालये, यंत्राने आपोआप लिहिलेली रोजची टाचणे, हे सारे मूळ मजकूर हाती असला की पुन्हा मिळते. दुसरा वर्ग एकेकाच्या यंत्राशी किंवा सवयीशी निगडित वस्तूंचा. मॅक संगणक फोल्डराफोल्डरांतून ‘.डीएस_स्टोअर’ नावाची फाइल ठेवतो. ती प्रोग्रामच्या काहीच कामाची नसते. तिसरा वर्ग गुपितांचा. पासवर्ड, साठवणीच्या किल्ल्या, लोकांची खाजगी माहिती यांचा या वर्गात समावेश होतो. पहिल्या दोन वर्गांत चूक झाली तर गबाळेपणा वाढतो; तिसऱ्यात चूक झाली तर माणसे अडचणीत येतात.

यादी लिहिण्याची रीत साधी आहे. एका ओळीत एक सूचना. ‘*.लॉग’ असे लिहिले की लॉग या शेपटीच्या सर्व फाइली वगळल्या. नावाच्या शेवटी तिरपी रेघ दिली की ती सूचना फक्त फोल्डरांना लागू. आरंभी तिरपी रेघ दिली तर ज्या फोल्डरात यादी आहे तेवढ्यापुरतीच ती चालते, पोटातील फोल्डरांना लागत नाही. आरंभी उद्गारचिन्ह दिले की तो अपवाद: ‘!हिशेब.लॉग’ म्हणजे बाकीची टाचणे वगळा, हिशेबाचे ठेवा. एकाच यादीतील दोन सूचना एकमेकींविरुद्ध असल्या तर नंतरची खरी धरतात. मात्र पुरा फोल्डरच वगळला असेल तर त्यातील एका फाइलीसाठी केलेला अपवाद चालत नाही, कारण गिट त्या फोल्डरात डोकावतच नाही. अशा वेळी फोल्डर न वगळता ‘फोल्डर/*’ अशा रीतीने त्यातील वस्तू वगळावयाच्या आणि मग अपवाद लिहावयाचा. एखादी फाइल का वगळली गेली ते उमगले नाही तर ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ ही आज्ञा कोणत्या यादीतील कितव्या ओळीने तिला वगळले ते सांगते.

आता, कोणाची सूचना कोठे लिहावयाची? येथे गिटने तीन जागा ठेवल्या आहेत, आणि ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. प्रकल्पातील सर्वांना लागू असलेली यादी रिपॉझिटरीतच राहते आणि तिचीही नोंद होते. कोणी ती बदलली तर कोण व केव्हा ते दिसते. फक्त आपल्या संगणकावरील या एका प्रकल्पापुरती सूचना असेल तर तिच्यासाठी रिपॉझिटरीच्या अंतर्भागात ‘एक्स्क्लूड’ नावाची निराळी फाइल आहे; ती इतरांकडे जात नाही. आणि स्वतःच्या सर्व प्रकल्पांना लागणाऱ्या सवयीच्या गोष्टींसाठी प्रत्येकाला आपली खाजगी यादी ठेवता येते. सर्वांचा निर्णय सर्वांच्या वहीत, माझी सवय माझ्या खिशात. संघटनेत निम्मी भांडणे ही दोन खाती न ओळखल्यामुळे होतात.

येथवर सर्व सरळ आहे. लोक फसतात ते पुढील दोन ठिकाणी. आमच्याच संघात घडलेली हकीकत सांगतो. वर्गणीचा हिशेब ठेवण्यासाठी आमच्या काही तरुण सभासदांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. चाचणीसाठी सभासदांच्या नावांची एक फाइल त्यांनी त्याच फोल्डरात ठेवली आणि ‘सारे नोंदव’ या आज्ञेबरोबर ती आत गेली. तीत एका नव्या कारखान्यातील अशा कामगारांची नावे होती की, ज्यांनी संघाचे सभासदत्व घेतल्याचे मालकाला अजून ठाऊक नव्हते. दोन महिन्यांनी एकाच्या लक्षात आले. त्याने फाइलीचे नाव वगळ-यादीत लिहिले आणि आम्ही सारे निर्धास्त झालो. पुढे तो प्रोग्राम दुसऱ्या एका संघाला द्यावयाचे ठरले. देण्याच्या आदल्या दिवशी आमच्यातील एका मुलीने सहज तपासले. फाइल नोंदीत होतीच. वगळ-यादीत नाव आल्यानंतर भरती झालेल्या सभासदांची नावेदेखील तीत नोंदली गेली होती!

असे का झाले? कारण वगळ-यादी फक्त अद्याप नोंदीत न आलेल्या फाइलींना लागते. जी एकदा नोंदीत आली, तिचे नाव यादीत घातले तरी तिच्यातील बदल नोंदले जातच राहतात. ती नोंदीतून काढावयाची तर ‘गिट आरएम --कॅश्ड’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. तिने फाइल आपल्या फोल्डरात राहते, पण पुढील कमिटपासून नोंदीतून जाते. मात्र सहकारी तो बदल उतरवून घेतील तेव्हा त्यांच्या फोल्डरातून ती फाइल पुसली जाईल, म्हणून त्यांना आधी सांगावे.

दुसरी फसगत याहून मोठी. पुढील नोंदीतून फाइल गेली तरी मागील नोंदींत ती असतेच. जुने पान उघडले की नावे समोर. जुनी पाने बदलण्याचीही साधने आहेत. ‘फिल्टर-रेपो’ हे त्यांपैकी एक. पण त्यामुळे त्या पानापासून पुढच्या प्रत्येक कमिटची ओळख-संख्या बदलते. सर्वांना जुन्या प्रती टाकून नव्या घ्याव्या लागतात, आणि कोणा एकाने जुनी प्रत जपून ठेवली तर गुपित तेथे शिल्लकच. आम्ही सोपा मार्ग घेतला: इतिहास सोडून देऊन नावांची फाइल वगळून नवी रिपॉझिटरी सुरू केली, आणि जुन्या सर्व प्रती समोरासमोर बसून पुसल्या. चारच माणसे होती म्हणून जमले. पासवर्ड किंवा किल्ली बाहेर गेली असेल तर मात्र पुसत बसण्याआधी कुलूपच बदलावे. किल्ली बदलता येते. माणसाचे नाव बदलता येत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. उबर या टॅक्सी कंपनीच्या एका अभियंत्याने माहितीच्या साठवणीची किल्ली गिटहब या सार्वजनिक ठिकाणी ठेवली होती. तिचा उपयोग करून २०१४ मध्ये चालकांची नावे व परवाना-क्रमांक परक्याने नेले. २०१६ मध्ये पुन्हा तसेच. या खेपेस रिपॉझिटरी खाजगी होती, पण चोर तीत शिरले आणि किल्ली त्यांना आत सापडली. जगभरातील सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली. तीत अमेरिकेतील सुमारे ६ लाख चालकांचे परवाना-क्रमांक होते. कंपनीने हे जाहीर केले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे वर्षानंतर. त्या चालकांनी कोणती फाइल कोठे ठेवली होती? काहीच नाही, त्यांनी फक्त गाडी चालविली होती. येथे हेही सांगितले पाहिजे की वगळ-यादी पुऱ्या फाइलीला लागते, फाइलीतील एखाद्या ओळीला नव्हे. प्रोग्रामच्या मजकुरातच किल्ली लिहिली तर यादी काही करू शकत नाही. किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवून ती फाइल वगळावी, आणि नव्या माणसाला समजावे म्हणून तिच्या जागी खोट्या किमती भरलेला नमुना नोंदवावा.

शेवटी एक सावधगिरी. वगळलेली फाइल म्हणजे सांभाळलेली फाइल नव्हे. गिट तिला टाकाऊ समजते. जुन्या एखाद्या नोंदीकडे जाताना त्याच नावाची फाइल आली तर वगळलेल्या फाइलीवर न विचारता नवा मजकूर लिहिला जाऊ शकतो. आणि ‘गिट क्लीन’ या झाडलोटीच्या आज्ञेला एक अक्षर जोडले की वगळलेल्या साऱ्या फाइली जातात. तेव्हा जे वगळले पण हवे आहे, त्याची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आपली.

आमच्या संघात आता असा नियम आहे की प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी वगळ-यादी लिहावयाची. यादीत ‘#’ या चिन्हाने सुरू होणारी ओळ गिट वाचत नाही, माणूस वाचतो. म्हणून प्रत्येक सूचनेच्या वर ती का केली हे अशा ओळीत लिहावयाचे. आणि गुपितांचा वर्ग आला की ती यादी सभेत मोठ्याने वाचावयाची. हे वाचन पाच मिनिटांत आटोपते. ज्यांची नावे त्या जुन्या फाइलीत होती ते कामगार आज कामावर आहेत, आणि संघाचे उघड सभासद आहेत.