समुद्राकडे जाणारा चढ

नागपूरहून मुंबईला निघालेला माणूस समुद्राकडे चाललेला असतो, तेव्हा त्याने हळूहळू उतरत जायला हवं. पण नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि घाटमाथ्यावरचं इगतपुरी जवळजवळ ६०० मीटरवर. म्हणजे सहाशे किलोमीटर पश्चिमेला धावून, अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर आला असं वाटेपर्यंत आपण नागपूरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर गेलेलो असतो!

ही उलटी रचना पाण्याला नेमकी कळली आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नाही. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. नागपूरच्या नाग नदीचं पाणीही कन्हान, वैनगंगा करत शेवटी गोदावरीतच जातं. द्वीपकल्पाची पश्चिम कड उचलली गेली आणि अख्खं पठार पूर्वेकडे कललं, त्याचा हा परिणाम. विदर्भाचं पाणी पूर्वेला जातं आणि कापूस मात्र पश्चिमेला, मुंबईच्या बंदराकडे. म्हणजे आपला व्यापार जमिनीच्या उताराविरुद्ध चालत आलेला आहे.

चढ एक वेळ सोसतो. खरी पंचाईत पठार संपतं तिथे होते. सह्याद्री कोकणाकडे उतरत नाही, तुटतो. सहाशे किलोमीटरमध्ये कमावलेली उंची दहा-पंधरा किलोमीटरमध्ये खर्च करायची, तीही बैल, डबे किंवा ट्रक कोसळू न देता. दोन हजार वर्षं प्रश्न हाच आहे.

सातवाहनांनी नाणेघाटात त्याचं उत्तर शोधलं: कातळात खोदलेली वाट आणि पायऱ्या. जुन्नरचा माल जनावरांच्या पाठीवरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आजही आहे. त्यात जकात गोळा होत असे, असं सांगतात. खरं असेल तर टोलची परंपरा आपल्याला वाटते त्याहून बरीच जुनी! शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात गायी, घोडे आणि नाण्यांच्या दानाचे आकडे कोरले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये ते मोडतात.

रेल्वेने उत्तर दिलं थळ घाटात, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो. १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीला पोहोचली. इथला चढ ३७ मीटरला एक मीटर. रस्त्यावर हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड इतकी कमी की रेल्वेसाठी तो अवघडच. म्हणून कसाऱ्याला गाड्यांना मागून इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना. दीडशेहून अधिक वर्षं झाली, विजेची ताकदवान इंजिनं आली, तरी मागून ढकलणं सुटलेलं नाही.

आणि मग नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. इगतपुरी ते आमणे या शेवटच्या ७६ किलोमीटरना जून २०२५ उजाडला. लोक दिरंगाईवर बोट ठेवतात, पण त्या ७६ किलोमीटरमध्येच हा रस्ता खऱ्या अर्थाने बांधला गेला, असं माझं मत आहे.

ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला नागमोडी घाट चालत नाही. तिला सरळ आणि बेताचा उतार हवा. डोंगराच्या अंगावर तो मिळत नाही, म्हणून पोटात शिरायचं. इगतपुरीजवळचा जुळा बोगदा पावणेआठ किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याची रुंदी साधारण साडेसतरा मीटर.

आत काय लागतं ते पाहण्यासारखं आहे. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची भाकऱ्यांसारखी चळत. एक थर घट्ट काळ्या कातळाचा, पुढचा सच्छिद्र आणि मऊ. अधूनमधून लाल मातीची पट्टी येते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तयार झालेली ती माती, वरून आलेल्या लाव्हाने भाजून निघालेली. थर आडवे आणि बोगदा उतरता, त्यामुळे खोदणाऱ्याला एकामागून एक थर भेदावे लागतात, आणि दर थराचा स्वभाव वेगळा. त्यात इगतपुरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे. दोन थरांच्या सांध्यांतून तो आत झिरपतो.

खोदायची रीत अशी: कातळात भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, क्षणाच्या अंशाच्या फरकाने ते उडवायचे. धूर बाहेर काढायचा, लोंबते दगड पाडायचे, राडारोडा उपसायचा. उघड्या पडलेल्या खडकात पोलादी बोल्ट ठोकून त्यावर लगेच काँक्रीट फवारायचं. मग पुढचे काही मीटर. मला थक्क करतं ते हे की बोगद्याचं छत मुख्यतः काँक्रीट पेलत नाही. बोल्ट आणि फवारा भोवतीच्या खडकाला ढिला पडू देत नाहीत, इतकंच. वरच्या डोंगराचं ओझं डोंगरच कमानीसारखं वाहतो.

बोगद्यातून गाडी ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात बाहेर पडते, आणि पुढे दऱ्यांवरून उंच पूल तिला खाली नेतात. कसारा घाट पार करायला आता दहा मिनिटंही लागत नाहीत.

या मिनिटांची किंमत मोजली गेली आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ पुलाचे गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि २० जण, बहुतेक कामगार, मेले. बोगद्यातून जाताना घड्याळाकडे पाहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

आणि समुद्र? तो अजून आलेला नाही. महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे संपतो, आणि पुढे वाहनं नेहमीच्या गर्दीत शिरतात. पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण इथे नवं बंदर होतं आहे. त्याला समृद्धीशी जोडणारा रस्ता व्हायचा आहे.