सर्व्हर बदलला, पण पोर्ट संपले क्लायंटचे!

समजा, तुम्ही एखाद्या ओपन-सोर्स सर्व्हरच्या कोडमध्ये बदल केलाय. मूळ सर्व्हर उत्तर पाठवलं की लगेच कनेक्शन बंद करायचा. तुम्ही ते काम वेगळ्या थ्रेडकडे दिलंत, म्हणजे मुख्य थ्रेड मोकळा राहील. आता एका मशीनवर सर्व्हर आणि दुसऱ्यावरून सेकंदाला 1000 नवी कनेक्शन्स. पहिले 28 सेकंद सगळं छान. मग वेग एकदम शून्य. साधारण अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू. सरासरी काढली तर नवा सर्व्हर जुन्याच्या निम्म्याहूनही हळू!

माझ्याबाबतीत हेच झालं होतं. मी दोन आठवडे माझ्या थ्रेडमधल्या लॉकचा दोष शोधत बसलो. तो ग्राफ जवळजवळ पेपरमध्ये गेलाच होता.

शेवटी क्लायंटच्या स्क्रिप्टमध्ये ‘कनेक्ट’ने दिलेला एरर छापून बघितला: ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’. म्हणजे विनंती सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती. क्लायंटकडचे पोर्ट संपले होते.

असं का होतं? टीसीपीमध्ये जो आधी कनेक्शन बंद करतो, त्याच्याकडे ते ‘टाइम-वेट’ अवस्थेत थांबतं. वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये, म्हणून ही सोय. लिनक्सवर हा काळ 60 सेकंद असतो. क्लायंटला आपोआप मिळणारे पोर्ट साधारणपणे 32768 ते 60999, म्हणजे 28232. सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट एकच असेल, तर सेकंदाला 1000 या दराने ते 28 सेकंदांत संपतात. साठाव्या सेकंदाला पहिले पोर्ट सुटू लागतात.

मूळ कोडमध्ये आधी सर्व्हर बंद करायचा, त्यामुळे टाइम-वेट सर्व्हरकडे राहायचं. माझा थ्रेड उशिरा बंद करत होता, म्हणून क्लायंट आधी बंद करू लागला आणि ते ओझं त्याच्याकडे गेलं. म्हणजे मी दोन सर्व्हरची तुलना करतच नव्हतो.

म्हणून एरर आला की आधी दोन प्रश्न विचारा: कोणत्या बाजूला आला? कोणत्या कॉलमधून आला? ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ सर्व्हर पुन्हा सुरू करताना ‘बाइंड’मधून येतो. जुनी प्रोसेस अजून चालू आहे का ते बघा. नसेल तर टाइम-वेट. तेव्हा ‘रीयूज-अ‍ॅड्रेस’ पर्याय ‘बाइंड’च्या आधी लावा, नंतर लावून उपयोग नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ बहुतेकदा सांगतो की त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाहीये. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ आला तर मर्यादा वाढवण्याआधी तपासा, तुमच्या बदलात एखादं सॉकेट बंद करायचं राहिलंय का.

टाइम-वेट मोजायला ‘एसएस’ कमांड पुरते. उपाय म्हणून एकच कनेक्शन अनेक विनंत्यांसाठी वापरा, किंवा बंद करण्याचा क्रम दोन्ही आवृत्त्यांत सारखा ठेवा. जुन्या उत्तरांत ‘टीडब्ल्यू-रीसायकल’ चालू करा असं सापडेल; ते लिनक्स 4.12 पासून काढूनच टाकलंय.

आणि प्रत्येक प्रयोगात यशस्वी विनंत्यांच्या शेजारी फसलेल्यांचा आकडाही लिहा. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ असती, तर दोन आठवडे वाचले असते.