दिव्याची चिमणी तळेगावची

१९१४ साली महायुद्ध पेटलं आणि ऑस्ट्रिया-जर्मनीहून येणारा काचेचा माल थांबला. बांगड्या महागल्या. दिव्याची चिमणी फुटली, तर दुसरी आणायची कुठून? मावळात तळेगाव दाभाड्याला मात्र १९०८ पासून पैसा फंडाचा काच कारखाना होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून उभारलेल्या निधीतला.

वाळू, सोडा, चुना वितळवणं हे अर्धंच काम. फुंकलेली चिमणी उघड्यावर निवली, तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसत ओढ घेतो. तो ताण काचेत दडून राहतो आणि दिव्याची आच लागताच चिमणी तडकते. म्हणून ती भट्टीत सावकाश निववतात. हे शिकलेले कारागीर तळेगावातून देशभरच्या कारखान्यांत गेले. मला ते चिमण्यांहून मोलाचं वाटतं.