कारागृहात 'रिपोर्ट' झाला तर

देगलूरहून नांदेडचे जिल्हा कारागृह सुमारे ८० किलोमीटर. एवढ्या लांब मुलाखतीला जावे आणि आपल्या माणसाने दबक्या आवाजात सांगावे, "माझ्यावर रिपोर्ट झालाय." रिपोर्ट म्हणजे कारागृहातली शिस्त मोडल्याची तक्रार. खटल्यापेक्षा ती वेगळी असते, म्हणून घरचे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. तसे करू नका.

पहिली गोष्ट, ठपका नेमका कशाचा आहे ते विचारून घ्या. कारागृह कायदा, १८९४ याच्या कलम ४५ मध्ये अशा अपराधांची यादी आहे: मारामारी, धमकी, कामाला नकार, बंदी असलेली वस्तू जवळ बाळगणे, आजाराचे सोंग, पळण्याचा कट. २०२४ मध्ये आपल्या विधिमंडळाने कारागृहांसाठी नवे विधेयक मंजूर केले आहे. तेव्हा अर्जात कलमाचा आकडा घालण्याआधी तो वकिलाकडून ताडून घ्या.

बचाव बहुतेकदा या यादीच्या शब्दांतच सापडतो. कामात आळस केल्याचा अपराध सक्तमजुरीच्या कैद्यालाच लागू होतो. ज्याचा खटला अजून चालू आहे, त्या न्यायाधीन बंद्याला तो लावता येत नाही. सोंगाचा आरोप असेल तर कारागृहाच्या दवाखान्यातली नोंद हाच मोठा पुरावा. बराकीत मोबाइल सापडला, पण तिथे इतरही झोपत होते. मग तो याच्याच ताब्यात होता हे कशावरून?

यानंतर चौकशी. ती अधीक्षक, म्हणजे कारागृहाचे प्रमुख, करतात. शिक्षा देण्याचा अधिकार त्यांच्या हाताखालच्या कोणालाही नाही. हवालदाराने जागच्या जागी दिलेली शिक्षा बेकायदाच.

चौकशीत खुलासा द्यायचा असतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. घाबरून माणूस न वाचताच सही करतो. आपल्या सीमाभागात कितीतरी जणांची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, आणि कागद मराठीत. कागद वाचून, समजावून देण्याची मागणी करावी आणि मगच सही करावी. घटनेची वेळ, जागा, पाहणाऱ्यांची नावे खुलाशात लिहावीत. रागाच्या भरात कोणावर खोटा आळ घेऊ नये, कारण जाणूनबुजून केलेला खोटा आरोप हाही त्याच यादीतला अपराध आहे.

शिक्षा ताकीद देण्यापासून कोठडीत ठेवण्यापर्यंत काहीही असू शकते. कोठडीची मर्यादा १४ दिवस. इतरांपासून वेगळे ठेवण्याची मुदत जास्तीत जास्त तीन महिने, पण ती एक महिन्यापुढे न्यायची तर कारागृह महानिरीक्षकांची मान्यता लागते. एकाच अपराधाला दोनदा शिक्षा नाही.

सर्वांत मोठे संरक्षण मात्र सर्वोच्च न्यायालयाचे आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला: एकांत कोठडी, सवलती काढून घेणे, शिक्षा म्हणून दुसऱ्या कारागृहात हलवणे, यांतले काहीही सत्र न्यायाधीशांच्या तपासणीशिवाय करायचे नाही. तातडीच असेल तर दोन दिवसांच्या आत त्यांना कळवायचे. म्हणून "सत्र न्यायाधीशांना कळवले का?" हा प्रश्न लेखी विचारा.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.

शिक्षाधीन बंद्यासाठी एवढी धडपड का? शिक्षा नोंदवहीतली एक ओळ त्याची माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस, खाऊन टाकू शकते. संचित रजेच्या, म्हणजे फर्लोच्या अर्जावर निर्णय घेतानाही वागणूक पाहतात. तेव्हा रजेच्या अर्जाची वाट न पाहता, शिक्षा झाली त्याच आठवड्यात वकिलामार्फत त्या नोंदीची प्रत मागून घ्या.