रोगप्रतिकाराचा वारसा – लेखांक ७ : मर्कटांचे भांडार, मनुष्याची शिल्लक

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी नांदेड-लातूरकडील जी कुटुंबे हैदराबादची किंवा संभाजीनगरची वाट धरतात, त्यांच्या तोंडी ‘एचएलए जुळले का?’ हा प्रश्न आता चांगला रुळला आहे. आणि सख्ख्या भावंडांतही ही एचएलए जनुके पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच का असतो, याचे विवेचन गेल्या लेखांकात झाले. तथापि परक्याचे मूत्रपिंड नाकारणे हे काही या जनुकांचे निसर्गदत्त कार्य नव्हे. ते कार्य कोणते, आणि मनुष्याचा दूरचा भाऊबंद जे माकड, त्याच्या शरीरात त्याची व्यवस्था किती निराळी आहे, हे आज पाहावयाचे आहे.

लातूरच्या मोंढ्यात तुरीची थप्पी लागली म्हणजे व्यापारी प्रत्येक पोते उसवीत बसत नाही. टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि डंख लागलेला दाणा दिसताच माल बाजूला काढतो. आपली जवळजवळ प्रत्येक पेशीही आतील प्रथिनांचे तुकडे अशाच तळहातावर मांडून बाहेर दाखवीत असते; गस्तीवरील टी-पेशी ते निरखतात व त्यांत विषाणूचा अंश आढळल्यास त्या पेशीचा निकाल लावतात. हा तळहात एचएलए जनुकांच्या आज्ञेने घडतो, आणि कोणता तुकडा त्यावर टिकेल व कोणता घरंगळेल, हे त्याच्या खोलगटपणावर अवलंबून असते.

मनुष्यात या कामाची मुख्य जनुके तीनच : ए, बी आणि सी. आईबापांकडून एकेक संच येत असल्याने एका व्यक्तीच्या वाट्याला अधिकांत अधिक सहा प्रकार येतात. मात्र अखिल मानवजातीत त्यांची हजारो रूपे नांदतात. र्‍हीसस माकडात ‘सी’शी समकक्ष जनुकच नाही, उलट ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन ‘बी’च्या प्रती काही गुणसूत्रांवर डझनाहून अधिक झालेल्या आढळतात. शिवाय त्यांची संख्या सर्व माकडांत सारखी नसते आणि त्यांतील कित्येक प्रती जेमतेमच कार्य करतात. म्हणजे मनुष्याने वैविध्य साठविले ते जनुकांच्या रूपांत. माकडाने ते रूपांत तर साठविलेच, परंतु जनुकांच्या संख्येतही साठविले. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखांनी एकाच संकटाचा केलेला हा दुहेरी बंदोबस्त होय.

भारतातून पूर्वी ही माकडे हजारोंच्या संख्येने परदेशी रवाना होत. पोलिओच्या लसीचे संशोधन त्यांच्यावाचून झाले नसते. १९७८ साली सरकारने ही निर्यात बंद केली. अमेरिकेत राहिलेल्या भारतीय वंशाच्या माकडांना एचआयव्हीचा भाऊबंद असा एसआयव्ही विषाणू टोचला असता, ‘बी-००८’ हे रूप असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी तो औषधावाचून काबूत ठेवला. मनुष्यात ‘बी-२७’ असलेल्यांना एचआयव्हीविरुद्ध अशीच सवलत मिळते. दोन्ही तळहात तुकडेही बरेचसे सारखेच धरतात. र्‍हीससच्या वैविध्याच्या उलट, मॉरिशस बेटावर मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या खेकडेखाऊ माकडांत या जनुकांचे मुख्य संच अवघे सातच आढळतात.

आता आपल्या मुलखाकडे वळू. प्राणिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी ही आखूड शेपटीच्या र्‍हीससची दक्षिण शीव मानली आहे. तिच्या दक्षिणेचा मुलूख लांब शेपटीच्या बोनेट माकडाचा. अलीकडच्या दशकांत र्‍हीससने ही शीव ओलांडून दक्षिणेकडे सरकण्यास आरंभ केला आहे. २०२० साली कोव्हॅक्सिनच्या परीक्षेसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वीस र्‍हीसस माकडे घेतली, ती नागपूरच्या परिसरातून, आणि त्यांच्या पाच-पाचांच्या चार तुकड्या केल्या. एवढ्या लहान तुकडीत उपजतच बळकट वारशाची दोन माकडे योगायोगाने एकत्र आली, तर यश लसीच्या खाती जमा करावे की वारशाच्या, असा पेच पडू शकतो. म्हणूनच एसआयव्हीचे जाणते संशोधक माकडांची जनुके आधी तपासतात व अशी माकडे सर्व तुकड्यांत समान वाटतात. प्रयोगाच्या दप्तरात जनावराचे वय व वजन जसे नोंदले जाते, तसा त्याचा हा वारसाही रुजू झाला पाहिजे. एरवी माकडावरून मनुष्याविषयी काढलेला निष्कर्ष अर्ध्या कागदपत्रांवर दिलेल्या निकालासारखा कच्चा राहील.

माकडाच्या पेशीत एचआयव्हीला उंबऱ्यावरच अडविणारे ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन २००४ साली उजेडात आले. त्याचा परामर्श पुढील लेखांकात घेऊ.