बुद्धिबळाचा शिक्षक आणि हरलेला डाव

केळीच्या पानावर करपा पडला, म्हणजे बागायतदार ते करपलेले पान घेऊनच जाणत्या माणसाकडे जातो. चांगला घड पुढे ठेवून रोगावर औषध विचारणारा मनुष्य डोंगरकड्याच्या शिवारात सापडायचा नाही. बुद्धिबळ शिकणारी मुले मात्र नेमके हेच करतात. जिंकलेला डाव शिक्षकापुढे मांडतात आणि हरलेला घरी ठेवून येतात.

मीही हे केले आहे. लहानपणी आठवड्यातून एकदा ज्यांच्याकडे मी शिकायला जात असे, त्यांना वर्षभर मी जिंकलेलेच डाव दाखविले. त्यांनी शाबासकी दिली, मी सुखावलो, आणि दर स्पर्धेत मोहरी कमी झाली की हरत राहिलो. त्यांचा यात काय दोष? जे त्यांच्या दृष्टीस पडलेच नाही, ते त्यांनी कसे सुधारावे?

शिक्षकाकडून डावाच्या आरंभीच्या चाली घ्यावयाच्या, अशी पुष्कळांची समजूत असते. त्या पुस्तकात आहेत, आता मोबाइलमध्येही आहेत. संगणक तर चुकलेली चाल तत्काळ दाखवितो. पण 'घोडा तिकडे नेलास तेव्हा तुझ्या मनात काय होते?' हे तो विचारीत नाही. तुम्ही प्रतिपक्षाची धमकी पाहिलीच नव्हती, की पाहून घाबरलात, की वजीर मारण्याच्या हावेने आंधळे झालात? चूक एकच दिसली तरी या तिन्हींवरचा उपाय वेगळा असतो. शिक्षकाची फी आपण देतो ती या प्रश्नासाठी.

१९४८ साली जगज्जेता झालेला रशियाचा बोटविन्निक पुढे मुलांची शाळा चालवीत असे. कारपोव्ह आणि कास्पारोव्ह हे दोघेही त्याच्या हाताखालून गेले. आपल्याच डावांवर मुलांनी स्वतः टीपा लिहून आणाव्यात, हा त्याचा आग्रह असे.

आपणही तेच करावे. हरलेला डाव संगणकाला दाखविण्यापूर्वी वहीत उतरावा. प्रत्येक अवघड जागी आपण काय विचार केला, कोणती चाल टाकून दिली, किती मिनिटे घेतली, हे खरेखरे लिहावे. लाज वाटेल ते तर आधी लिहावे. अशी वही नेली म्हणजे तासातला अर्धा वेळ 'काय झाले' हे सांगण्यात जात नाही. शिक्षक नांदेडचा असो की फोनवरून शिकविणारा असो, वही आदल्या दिवशी त्याच्याकडे पोचवावी.

'समजले' म्हणून मान डोलावणे हा दुसरा रोग. राजा व एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, ही साधी स्थिती घ्या. आपला राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या घरात पोचला असेल, तर चाल कोणाचीही असो, डाव जिंकतो. अपवाद फक्त कडेच्या प्याद्याचा. हे ऐकायला अर्धा मिनिट लागतो. पण शिक्षकाला समोर बसवून, 'तुम्ही एकटा राजा घ्या आणि मला अडवा' असे म्हणून दहा वेळा खेळल्यावाचून ते हातात येत नाही. माझे वर्ष याच जागी वाया गेले होते.

पालकांना एकच विनंती. मुलाला प्रश्न विचारला असता उत्तर आपण देऊ नये. बाहेर चहा घ्यावा.

मोठ्या शहरावाचून हे व्हायचे नाही, असे कोणी म्हणेल. सांगली काही मुंबई नव्हे. तेथील नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलांच्या पिढ्या पटापुढे बसविल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीच्या. त्यांनी पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळविले आणि १९९१ साली आशियाचेही.

माझ्या शिक्षकांना मी अखेर हरलेले बारा डाव एकदम नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावला, चौथ्या डावापर्यंत काही बोलले नाहीत, आणि मग पटावर दोन राजे व एक प्यादे एवढेच मांडून म्हणाले, ''बस. हे तू मला वर्षापूर्वी का दाखविले नाहीस?''