माळा, पडवी आणि ट्रंक: शेणवा परिसरातील हस्तकला आणि त्यांचे साहित्य

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील घरांत एकाच वेळी चार-पाच हस्तकला नांदणे ही जुनी गोष्ट आहे. शहापूरहून किन्हवली आणि डोळखांबकडे निघाले की शेणवा लागते. हे गाव आणि त्याच्या आजूबाजूचे पाडे या भागाचा चांगला नमुना ठरतात. कुणबी, आगरी, ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी अशी इथली वस्ती. शेती मुख्यतः पावसाच्या भाताची. चार महिने धो धो पाऊस आणि नंतरचे आठ महिने कोरडे. अशा घरातला जो माणूस टोपली विणतो तोच दोर वळतो, इरले बांधतो, ओढ्यात लावायचा बांबूचा सापळा तयार करतो. बाई गोधडी शिवते, भिंत सारवते, पत्रावळी लावते आणि लग्नघरी चौकही लिहिते. गेल्या दोन-तीन दशकांत या यादीत लोकर, क्रोशे, मण्यांची तोरणे, कागदी फुले, कापडावरची रंगकामे यांची भर पडली आहे. इतकी कामे एका छपराखाली चालतात तेव्हा प्रश्न साहित्याचा उभा राहतो: ते कधी येते, किती दिवस टिकते, कुठे ठेवायचे आणि आधी कोणते काम हाती घ्यायचे.

जुन्या पद्धतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर साहित्याच्या आयुष्यावर ठरत असे. जे लवकर वाया जाते ते आधी. पळसाचे पान ताजे असेपर्यंतच मनासारखे दुमडते. वाळले की पाणी मारून मऊ करावे लागते आणि तरीही काही पाने फाटतातच. म्हणून पाने आणली त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पत्रावळी टाचल्या जात, आणि तेवढा वेळ बाकीची सगळी कामे बाजूला राहत. त्यानंतर बांबूची पाळी. बांबू हिरवा असताना सरळ चिरतो, कांबी मनगटाला वळते. तो वाळला की कांबी तुटते, हाताला कुसळे लागतात, आणि विणण्याआधी ती भिजत घालावी लागते. मुरुडशेंगेची साल त्याहून सोशिक आहे. ती पाण्यात कुजवून, धुऊन, वाख काढून वाळवली की वर्षभर टिकते आणि दोर केव्हाही वळता येतो. तारपा या फुंकवाद्यासाठी राखलेला भोपळा वेलावरच पिकू द्यायचा आणि मग आढ्याला टांगून ठेवायचा. त्याला कसलीच घाई नसते. सर्वांत थांबणारे साहित्य म्हणजे कापड. जुने लुगडे दहा वर्षे ट्रंकेत राहिले तरी गोधडीच्या कामी येते. घरकामातून आणि शेतीतून उरलेला वेळ या उतरंडीने वाटला जाई. एकाच माणसाच्या हातात पाच कामे असूनही ती एकमेकांच्या अंगावर येत नसत, याचे मोठे कारण हेच.

बांबूबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण या परिसरातल्या घरगुती साठ्याचा सर्वांत मोठा भाग त्याचाच असतो. सह्याद्रीच्या पायथ्याला मानवेल आणि काटस या जाती ओळखीच्या आहेत. मानवेलाचा कळक बारीक, बराचसा भरीव आणि चिवट असतो. काटसाचा जाड आणि पोकळ असतो, बेटात काटे असल्याने तो तोडायला अवघड जातो. वर्षाचा कोवळा कळक सुकताना आक्रसतो आणि त्याची टोपली सैल पडते, म्हणून जाणता माणूस तीन वर्षांच्या आसपासचा कळक निवडतो. तोड हिवाळ्यात, शक्यतो वद्य पक्षात करावी असा रिवाज आहे. चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी रिवाजातल्या दोन गोष्टी पक्क्या आहेत. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब वर येत असतात, त्या वेळी तोड केल्यास बेटच खचते. शिवाय बांबूतला पिष्टमय अंश हे भुंगेऱ्याचे अन्न असते. तोडलेला कळक वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवला की हा अंश बराच विरघळून जातो आणि घुण कमी लागते. ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबलेल्या कळकांचे भारे हीसुद्धा घरचीच साठवण, फक्त घराबाहेर ठेवलेली.

कायद्याचाही या साठ्याशी संबंध आहे. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला आणि त्याने बांबूचा गौण वनोपजात समावेश करून त्यावरचा वनवासी समाजांचा हक्क मान्य केला. पुढे 2017 साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधी स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याची अडचण येत असे. परसातल्या बेटाला साठ्याची किंमत आली ती या बदलांमुळे. उभे बेट ही बांबू साठवण्याची सगळ्यात चांगली जागा आहे. लागेल तेव्हा लागेल तेवढाच कळक तोडता येतो.

आता घराकडे वळू. इथले जुने घर कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले, कौलारू किंवा पेंढ्याने शाकारलेले असे. कारवी हे झुडूप साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलोऱ्यानंतर मरते, त्यामुळे कुडाच्या काठ्यांचा सुकाळही चक्राने येतो. या घरात साहित्याच्या जागा ठरलेल्या होत्या. पडवीत ओले आणि चालू काम. ओटीवर बसून करायचे हातकाम. आढ्याला टांगलेले भोपळे, बियाण्याची कणसे, वाखाच्या जुड्या. आणि चुलीच्या वर माळा, ज्यावर कांब्या, अर्ध्या विणलेल्या टोपल्या, रोवळ्या, सुपे, पावसाळ्यासाठी बांधलेली इरली. चुलीचा धूर रोज या माळ्यातून वर जाई. धुराने बांबू काळा पडे, कोरडा राही आणि भुंगेरा त्याच्या वाटेला जात नसे. घरातल्या बायांना हा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना फार महाग पडला हे विसरता येत नाही. पण साठा टिकत होता तो त्याच धुरामुळे.

हे घर बदलले. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना मे 2016 मध्ये सुरू झाली आणि गॅसची शेगडी पाड्यापाड्यांत पोहोचली. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरवले गेले. पक्क्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा. घर गळायचे थांबले, विंचू-सापाचे भय कमी झाले, आणि हे फार मोलाचे आहे. मात्र त्या नकाशात माळा नाही आणि बहुतेक ठिकाणी पडवीही नाही. पूर्वी निरनिराळ्या ठिकाणी विभागलेले साहित्य एका खोलीच्या कोपऱ्यात आले. धुराविना ठेवलेल्या टोपल्यांखाली पिवळसर भुकटी दिसू लागली, म्हणजे घुण लागले. अनेक घरांनी नव्या घराला लागून जुन्या कुडाची एक खोली राखली आहे किंवा पत्र्याची पडवी काढली आहे. घरकुलाच्या आराखड्यात अशी पडवी पहिल्यापासून असायला हवी होती. हातकामावर चालणाऱ्या घरात ती चैन नसते.

गोधडीचा हिशेब वेगळा. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि मीटरभराहून थोडे अधिक रुंद असते. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडीला एका थरासाठी सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास कापड लागते. म्हणजे एका अख्ख्या लुगड्यात जेमतेम तीन थर निघतात. पण जुने लुगडे मध्यभागी विरलेले असते, म्हणून प्रत्यक्षात दोन लुगड्यांशिवाय काम भागत नाही. आत शर्ट, परकर, चादरींचे तुकडे भरले जातात आणि वरून सलग धावदोरा. शिवण बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन मध्याकडे येते. या कामात साठा वाढणे हा दोष नव्हता. घरात जितकी माणसे वाढत तितकी गोधड्यांची गरज वाढे आणि तितकेच कापडही फाटून ट्रंकेत येई. आवक आणि खर्च यांचा मेळ घरातच बसत होता. सुती लुगड्यांच्या जागी कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्यावर तो बिघडला. या साड्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, हाताच्या सुईखाली सरकतात. त्यांचे ढीग राहतात आणि गोधडीसाठी मऊ सुती कापड मात्र शोधावे लागते.

चित्रांच्या बाबतीत साठ्याचा प्रश्न पूर्वी नव्हताच. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेला पांढरा रंग, बांबूची ठेचलेली काडी, मागे गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत. हा रंग एका दिवसात आंबतो, म्हणून लागेल तेवढाच वाटायचा. लग्न झाले की काम संपले. पुढच्या सारवणात चौकही जायचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात ही वारली कला कागदावर आणि कापडावर जगापुढे नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर शहापूर-मुरबाडच्या तरुणांनाही चित्रांतून मिळकत दिसू लागली. त्याबरोबर कापडाचे तागे, फ्रेम, ॲक्रिलिक रंगांच्या बाटल्या, विकली न गेलेली चित्रे घरात आली. भिंतीवरची कला साहित्य मागत नव्हती. विक्रीची कला मागते, आणि तेही आगाऊ खर्च करून.

विकतच्या साहित्याने आलेले छंद याच वाटेने पुढे जातात. आसनगाव, आटगाव, वासिंद या स्थानकांवरून लोकल पकडून कामाला किंवा शिकायला जाणाऱ्या बायका-मुलींना उल्हासनगरचे गजानन मार्केट आणि जपानी बाजार, मुंबईतले मंगलदास मार्केट, भुलेश्वर आणि अब्दुल रहमान स्ट्रीट हाताशी असतात. तिथे कापड, लेस, मणी, कुंदन, लोकर घाऊक भावात मिळते. घाऊक भाव ही साठा वाढण्याची पहिली पायरी आहे: एका तोरणासाठी मणी हवे असतात, पण स्वस्त मिळतो तो पुडा चार तोरणांचा. दुसरी पायरी अशी की या वस्तूंना ऋतू नाही. पळस, बांबू, वाख आपापल्या वेळी येत आणि ती वेळ गेली की थांबत. लोकर आषाढातही मिळते. तिसरी पायरी शिकण्याची. शाळेत कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर कार्यानुभव हा विषय आला आणि त्यात दर वर्षी नवी वस्तू करायला मिळाली. आता मोबाईलवर रोज नवी कला दिसते. प्रत्येक नव्या कलेला स्वतःची सुई, स्वतःचा गोंद, स्वतःचा साचा लागतो. लोकर, क्रोशे आणि गोधडी एका पेटीत राहू शकतात, कारण कात्री आणि सुया सामाईक आहेत. मेणबत्त्या, रेझिन आणि कागदी फुले तशी राहत नाहीत.

पाश्चात्य देशांतल्या विणकाम करणाऱ्यांत उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतक्या लोकरीच्या साठ्याला खास नावच आहे. तिथे हा प्रश्न सुबत्तेतून आला. पण इंग्लंडमध्ये 1941 साली कपड्यांचे रेशनिंग लागू झाल्यानंतर सरकारच जुने कापड दुरुस्त करून वापरायला शिकवत होते, आणि घरोघरची चिंध्यांची पेटी मोलाची ठरली होती. शेणव्यात दोन्ही काळ एकाच घरात दिसतात: सासूच्या ट्रंकेतले जपलेले धडपे आणि सुनेच्या कपाटातले न उघडलेले पुडे.

पावसाळा या सगळ्याची परीक्षा घेतो. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की प्लास्टरची भुकटी बंद पिशवीतही गोळा होते, सुया गंजतात, कागदाला कसर लागते, सुती कापडाला बुरशीचे काळे ठिपके पडतात. ॲक्रिलिक लोकरीला कसर लागत नाही, पण कुबट वास लागतो. यावरचे घरगुती उपाय ठाऊक असलेलेच आहेत: कडुनिंबाचा वाळका पाला, मृगाआधी सगळ्याला कडक ऊन, सुया तेलाच्या फडक्यात, पेट्या जमिनीपासून वर विटांवर. यातले उन्हाचे काम सर्वांत महत्त्वाचे. वैशाखात अंगणात सगळे पसरले की काय उरले आहे ते एकदाच डोळ्यांसमोर येते. पूर्वी त्याच अंगणात मोहाची फुले, हिरडे आणि वाख वाळत. आज शहापूरच्या वन धन केंद्रासाठी गोळा केलेली गुळवेलही वाळते. जागेसाठी ओढाताण होते, पण त्यामुळे मोजदादही होते.

सरकारी निर्णयानेही साठा एका दिवसात निकामी होऊ शकतो. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. गणपतीच्या मखरांसाठी वर्षानुवर्षे जपलेले थर्माकोलचे खांब आणि कमानी त्याबरोबर बाद झाल्या. मखर पुन्हा पुठ्ठा, कापड आणि बांबूकडे आले, आणि कांबी विणणाऱ्या हातांना भाद्रपदात नवे काम मिळाले.

तयार माल घराबाहेर जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून भरणारी यात्रा ही त्यांतली सर्वांत जुनी आणि मोठी. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. सुपे, टोपल्या, दोर यांनाही तिथे गिऱ्हाईक असते. कार्तिकात भात झोडून झाले की पौषापर्यंत विणायचे, हे वेळापत्रक या यात्रेनेच घालून दिलेले. उमेद अभियानातून 2011 नंतर उभ्या राहिलेल्या महिला बचत गटांना मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जागा मिळते. गटाचा दुसरा उपयोग कमी बोलला जातो, पण तो अधिक मोलाचा आहे: घाऊक पुडा चौघींत वाटता येतो, शिवणयंत्र सामाईक ठेवता येते आणि जिचे मन क्रोशेवरून उठले तिची लोकर जिला हवी तिच्याकडे जाते.

शेवटी उरतात ते तुकडे: बोटभर लांबीच्या कांब्या, विजोड मणी, चिंध्या, लोकरीची टोके. ठाणे जिल्ह्याने, आताच्या पालघर भागासह, यांचाही उपयोग पूर्वीच दाखवून दिला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथे आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातल्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. मोजणे, ओवणे, रंग जुळवणे, जाड-बारीक ओळखणे एवढ्या कामांना घरातले उरलेले तुकडे पुरेसे होतात. आजच्या अंगणवाडीतही ते तितकेच चालतात. मात्र फार बारीक मणी आणि टोकदार कांब्या आधी निवडून काढाव्या लागतात.